कामानं घेतलेला जीव

नोव्हेंबर २००२ची गोष्ट. इंग्लंडच्या स्टॅफर्डशायर परगण्यात एका मृत्यूची चौकशी चालू होती. मयत माणूस ५९ वर्षांचा. नाव जेफ ॲसल. एकेकाळचा नामांकित फुटबॉलपटू, इंग्लंडच्या राष्ट्रीय संघातून पाच सामने खेळलेला. चौकशी करणारे कॉरोनर होते अँड्र्यू हेग. अनैसर्गिक किंवा संशयास्पद मृत्यूचं कारण ठरवणारा अधिकारी म्हणजे कॉरोनर. मुंबईतही इंग्रजी अमलापासून १९९९पर्यंत कॉरोनरचं कोर्ट होतं, त्यामुळं जुन्या वाचकांना हा शब्द परका नसावा. हेग यांनी कुटुंबाचं ऐकलं, मेंदूची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांचं ऐकलं आणि निकाल दिला. मृत्यूचं कारण, औद्योगिक आजार.

या दोन शब्दांवर मी बराच वेळ अडकून पडलो. खाणीत कोळशाची धूळ खाऊन फुप्फुसं निकामी झालेल्या मजुरासाठी हे शब्द असतात. ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यात श्वास गमावून बसलेल्या कामगारासाठी असतात. पण फुटबॉलपटू? ज्याला हजारो लोक टाळ्या वाजवतात, ज्याचे फोटो मुलं भिंतीवर चिकटवतात, त्याचा मृत्यू ‘औद्योगिक’ कसा? कॉरोनरचं उत्तर सरळ होतं. या माणसाचं काम होतं डोक्यानं चेंडू मारणं. ते काम त्यानं वर्षानुवर्षं केलं. त्या कामानं त्याचा मेंदू गेला.

मी अडकून पडलो त्याला कारण आहे. मी मालेगावचा. अब्बांनी पस्तीस वर्षं मागावर काढली. अखेरच्या काळात त्यांना ऐकू येत नव्हतं, दोन जिने चढले की दम लागायचा, रात्र खोकण्यात जायची. ते गेले तेव्हा दाखल्यावर लिहिलं गेलं, हृदयक्रिया बंद पडल्यानं मृत्यू. आता हृदयक्रिया तर प्रत्येकाचीच बंद पडते! ती का बंद पडली, हा प्रश्न कुणी विचारला नाही. आम्हीही नाही.

त्यामुळं फुटबॉलशी माझा फारसा संबंध नसतानाही मी जेफ ॲसलची गोष्ट शोधून शोधून वाचली. ती इथं सांगतो आहे.

खाणींच्या गावचा पोरगा

जेफ ॲसलचा जन्म १३ मे १९४२चा, नॉटिंगहॅमशायरमधल्या ईस्टवूड गावी. हे कोळशाच्या खाणींचं गाव. कादंबरीकार डी. एच. लॉरेन्स इथलेच आणि त्यांचे वडीलही खाणकामगार. अशा गावात जन्मलेल्या पोरासमोर वाटा दोनच. एक तर जमिनीखाली जायचं, नाही तर पायात काही कसब असेल तर मैदानावर. जेफ मैदानावर गेला. पंधराव्या वर्षी तो नॉट्स काउंटी या क्लबात दाखल झाला. टॉमी लॉटन हे त्या काळी क्लबचे व्यवस्थापक होते. इंग्लंडमध्ये डोक्यानं गोल करण्यात ज्यांची ख्याती होती असे हे लॉटन. डोक्यानं चेंडू कसा मारायचा, याचे धडे जेफनं त्यांच्याकडून घेतले.

त्या काळचा फुटबॉलपटू म्हणजे आजचा कोट्यधीश नव्हे, हे ध्यानात घेतलं पाहिजे. १९६१च्या जानेवारीपर्यंत इंग्लंडमध्ये फुटबॉलपटूच्या पगारावर कमाल मर्यादा होती. आठवड्याला २० पौंड, त्याहून एक पेनी जास्त नाही. खेळाडू कितीही मोठा असो, स्टेडियम कितीही भरो. ही मर्यादा उठली ती क्लबांच्या मालकांना दया आली म्हणून नव्हे. जिमी हिल यांच्या नेतृत्वाखाली खेळाडूंच्या युनियननं संपाची नोटीस दिली, तेव्हा ती उठली. खेळाडूंची ही युनियन १९०७पासूनची. करार संपला तरी खेळाडूला दुसरीकडं जाऊ न देण्याचा जो अधिकार क्लबांकडं होता, त्यालाही १९६३ साली जॉर्ज ईस्टहॅम खटल्याच्या निकालानं धक्का बसला. म्हणजे फुटबॉलपटू हा पगारी कामगार आहे, हे इंग्लंडमध्ये आधी खेळाडूंना कळलं होतं, मग कोर्टाला कळलं. क्लबांना मात्र ते सोयीपुरतंच कळत होतं.

१९६४ साली वेस्ट ब्रॉमविच अल्बियन या क्लबनं २५ हजार पौंड मोजून जेफला घेतलं. पुढची दहा वर्षं तो तिथंच खेळला. ३६१ सामने आणि १७४ गोल. त्या क्लबच्या मैदानाचं नाव ‘द हॉथॉर्न्स’. तिथले प्रेक्षक त्याला ‘किंग’ म्हणत. १९६८च्या एफए कप स्पर्धेत त्यानं प्रत्येक फेरीत गोल केला. १८ मे रोजी वेम्बलीवर एव्हर्टनविरुद्ध अंतिम सामना झाला. ९० मिनिटांत गोल नाही. जादा वेळेच्या तिसऱ्या मिनिटाला जेफचा उजव्या पायाचा फटका बचावपटूला लागून परत आला, तोच त्यानं डाव्या पायानं जाळ्यात धाडला. सामन्यातला तो एकमेव गोल. डोक्यासाठी गाजलेल्या माणसाचा सर्वांत मोठा गोल पायानं झाला होता, हाही एक योगायोग. १९७० साली लीग कपच्या अंतिम सामन्यातही त्यानं गोल केला. वेम्बलीवर या दोन्ही स्पर्धांच्या अंतिम सामन्यांत गोल करणारा तो पहिला खेळाडू. त्याच मोसमात २५ गोल करून तो देशाच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये अव्वल ठरला.

आणि मग मेक्सिकोचा विश्वचषक. ७ जून १९७०, ग्वादलहारा, समोर पेलेंचा ब्राझील. गॉर्डन बँक्स यांनी पेलेंचा हेडर अडवला तोच हा सामना. जाइर्झिन्होच्या गोलनं ब्राझील पुढं होतं. जेफ बदली खेळाडू म्हणून उतरला. चेंडू अगदी समोर आला, गोलपुढं मोकळी जागा होती आणि त्यानं तो बाहेर मारला. इंग्लंड १-० हरलं. पाच आंतरराष्ट्रीय सामन्यांत त्याच्या नावावर एकही गोल नाही. पुढं आयुष्यभर लोक त्याला त्या चुकलेल्या फटक्याची आठवण देत राहिले.

कोपरे न चुकवणारा

१९७४ साली जेफनं वेस्ट ब्रॉम सोडलं. थोडं दक्षिण आफ्रिकेत खेळला, मग इंग्लंडमधल्या छोट्या क्लबांकडून, आणि १९७७च्या सुमारास खेळ थांबवला. पुढं काय? पेन्शन नाही, जाहिराती नाहीत, समालोचकाची खुर्ची नाही. त्यानं खिडक्या आणि कारखाने साफ करून देण्याचा धंदा सुरू केला. व्हॅन घेतली, त्यावर लिहून घेतलं की जेफ ॲसल कधी कोपरे चुकवत नाही. म्हणजे गोलचा कोपरा एकदा चुकला असेल, पण तुमच्या खिडकीचा चुकणार नाही! मेक्सिकोच्या चुकीवर स्वतःच हसून त्यानं त्याची पाटी केली.

नव्वदच्या दशकात फ्रँक स्किनर आणि डेव्हिड बॅडिएल यांच्या ‘फँटसी फुटबॉल लीग’ या टीव्ही कार्यक्रमात तो शेवटी येऊन गाणं म्हणायचा. गळा बेसूर, पण लोकांना माणूस आवडायचा. स्किनर स्वतः वेस्ट ब्रॉमचा चाहता. त्यानं आपल्या राजाला पडद्यावर आणलं होतं.

त्या कार्यक्रमानंतर काही वर्षांतच जेफ विसरू लागला. वय अवघं पंचावन्नच्या आसपास. आधी नावं गेली, मग माणसं. त्याची मुलगी डॉन हिनं पुढं अनेकदा सांगितलं आहे की, आपण कधी फुटबॉल खेळलो होतो हेसुद्धा त्याला आठवेनासं झालं होतं. १७४ गोल, वेम्बली, मेक्सिको, सगळं पुसलं गेलं. १९ जानेवारी २००२ रोजी मुलीच्या घरी घास घशात अडकून तो गेला. स्मृतिभ्रंश फार पुढं गेला की माणूस गिळायचंही विसरतो.

इथं गोष्ट संपली असती. वय झालं, आजार झाला, अल्लाची मर्जी म्हणा की देवाची इच्छा, माणूस गेला. जगभर असंच होतं. इथं मात्र मेंदू तपासला गेला. वारंवार ठोसे खाल्लेल्या बॉक्सरच्या मेंदूत दिसते तशी इजा डॉक्टरांना त्यात दिसली. मग चौकशी झाली आणि कॉरोनरनं निकाल दिला. इंग्लंडमध्ये व्यावसायिक फुटबॉलपटूच्या मृत्यूला असं नाव पहिल्यांदाच मिळालं.

निकालानंतरची शांतता

तुम्हाला वाटेल, एवढा निकाल लागल्यावर खळबळ माजली असेल. क्लब, फुटबॉल असोसिएशन, युनियन, सगळे कामाला लागले असतील. जुन्या खेळाडूंना शोधून त्यांची तपासणी झाली असेल. तसं काही झालं नाही. असोसिएशन आणि युनियननं मिळून एक दीर्घकाळचा अभ्यास हाती घेतला होता, तोही वाटेतच विरून गेला. तो का विरला, हे जेफच्या कुटुंबाला कुणी येऊन सांगितलं नाही. बारा वर्षं अशी गेली. २०१४ साली असोसिएशनचे अध्यक्ष ग्रेग डाइक यांनी कुटुंबाची माफी मागितली.

माफी आपोआप आली नाही. जेफची पत्नी लॅरेन आणि मुली रस्त्यावर उतरल्या. ‘जस्टिस फॉर जेफ’ असं मोहिमेचं नाव. हॉथॉर्न्सवर फलक लागले. जेफच्या शर्टाचा क्रमांक ९, म्हणून सामन्याच्या नवव्या मिनिटाला अख्खं स्टेडियम टाळ्या वाजवायचं. त्याच वर्षी ग्लासगोचे मेंदुविकृतितज्ज्ञ डॉ. विली स्टुअर्ट यांनी जेफच्या मेंदूचे जपून ठेवलेले नमुने पुन्हा तपासले. निदान झालं क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपॅथी, थोडक्यात सीटीई. डोक्याला पुन्हा पुन्हा बसणाऱ्या माराशी जोडलेला हा आजार. अमेरिकी फुटबॉल खेळणाऱ्यांमध्ये आणि बॉक्सरमध्ये तो आढळतो. त्याची नक्की खात्री माणूस मेल्यावर मेंदू उघडल्याशिवाय होत नाही. एप्रिल २०१५ मध्ये वेस्ट ब्रॉमच्या संघानं लेस्टरविरुद्धचा एक सामना १९६८च्या नमुन्याचे कपडे घालून खेळला आणि त्या दिवशी ‘जेफ ॲसल फाउंडेशन’ सुरू झालं.

थोडं थांबून विचार करा. मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिलेलं होतं. सरकारी अधिकाऱ्यानं लिहिलं होतं. तरी त्या कारणाकडं बघायला लावण्यासाठी एका घरातल्या बायकांना बारा वर्षं झगडावं लागलं. तेही अशा माणसासाठी, ज्याचं नाव स्टेडियमच्या फाटकावर कोरलेलं होतं.

आकडे काय सांगतात

यानंतर जो अभ्यास झाला तो मोठा होता. २०१९च्या ऑक्टोबरमध्ये डॉ. स्टुअर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो प्रसिद्ध केला. स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या नोंदी त्यांनी सामान्य लोकसंख्येतल्या २३,०२८ लोकांशी ताडून पाहिल्या. वय सारखं, सामाजिक स्थिती सारखी. निष्कर्ष असा की, मेंदू झिजवणाऱ्या आजारानं मरण्याचं प्रमाण फुटबॉलपटूंमध्ये साधारण साडेतीनपट होतं. अल्झायमरच्या बाबतीत पाचपट.

प्रामाणिकपणे हेही सांगितलं पाहिजे की, हृदयविकार आणि फुप्फुसाचा कर्करोग यांनी मरण्याचं प्रमाण खेळाडूंमध्ये कमी होतं. खेळ शरीराला चांगला असतो, हे खोटं नाही. प्रश्न खेळाचा नाहीच. खेळातल्या एका विशिष्ट कामाचा आहे.

ते काम कोणतं, याचा अंदाज पुढच्या अभ्यासानं दिला. २०२१ साली याच गटानं खेळाडूंची जागेनुसार विभागणी केली. मैदानावर सर्वांत जास्त वेळा डोक्यानं चेंडू अडवतो तो बचावपटू. त्याला धोका सामान्य माणसाच्या जवळपास पाचपट. आणि गोलरक्षक? तोही तोच सराव करतो, त्याच बसनं प्रवास करतो, त्याच खोलीत कपडे बदलतो. पण तो चेंडू हातानं धरतो. त्याचा धोका सामान्य माणसासारखाच निघाला. हा एक आकडा माझ्या मते शंभर भाषणांना भारी आहे.

आता १९६६चा संघ आठवा. इंग्लंडनं आजवर जिंकलेला एकमेव पुरुष विश्वचषक. अंतिम सामना खेळलेल्या त्या अकरा जणांपैकी रे विल्सन, मार्टिन पीटर्स, नॉबी स्टाइल्स, जॅक चार्लटन आणि बॉबी चार्लटन या पाच जणांना स्मृतिभ्रंशानं गाठलं. पाचही जण आता हयात नाहीत. देशाला ज्या दिवसाचा सर्वाधिक अभिमान, तो दिवस घडवणाऱ्यांनाच तो आठवेना.

नेहमीचे आक्षेप

हा विषय काढला की काही ठरावीक उत्तरं येतात. ती मला ओळखीची वाटतात, कारण मागवाल्यांबद्दलही मी तीच ऐकत आलो.

पहिलं उत्तर: त्यांनी स्वतःच्या मर्जीनं हे काम निवडलं. खरं आहे. पण मर्जी म्हणजे माहिती असताना केलेली निवड. धोका माहीत नसेल तर ती निवड कसली? पंधरा वर्षांच्या पोराला लॉटनसारखा माणूस डोक्यानं चेंडू मारायला शिकवत होता, तेव्हा पुढं काय होऊ शकतं हे त्याला कोण सांगणार होतं? लॉटनना तरी कुठं माहीत होतं? पण २००२च्या निकालानंतर फुटबॉल चालवणाऱ्यांना माहीत नव्हतं, असं म्हणता येत नाही. तिथून पुढची जबाबदारी त्यांचीच.

दुसरं उत्तर: तेव्हा चामड्याचे चेंडू होते, पाणी पिऊन जड व्हायचे, आता तसं नाही. चामडं पाणी प्यायचं, हे बरोबर. पण कोरड्या चेंडूचं वजन तेव्हाही आणि आताही साधारण ४१० ते ४५० ग्रॅमच आहे. आजचा चेंडू पाणी पीत नाही, पण तो जास्त वेगानं येतो. धोका संपला असं म्हणण्याइतका पुरावा कुणाकडं नाही. आजच्या खेळाडूंच्या मेंदूचं काय झालं, हे कळायला अजून तीस-चाळीस वर्षं जावी लागतील. तोवर वाट बघायची, की सावध व्हायचं?

तिसरं उत्तर: विज्ञान अजून पक्कं नाही. इथं थोडी सावधगिरी हवीच, मला मान्य आहे. आकड्यांतून दिसणारा संबंध आणि सिद्ध झालेलं कारण यांत फरक असतो. ज्यानं ज्यानं चेंडूला डोकं लावलं त्याला आजार होतोच असं नाही, बहुतेकांना होत नाही. पण धोक्याचा संशय पक्का होईपर्यंत त्याचा भार कुणी वाहायचा? आजवर तो भार जेफसारख्यांनी वाहिला आणि मग त्यांच्या बायकांनी, मुलींनी. फायदा क्लबांचा आणि शंकेचा बोजा कामगाराच्या डोक्यावर, हा कुठला हिशेब?

चौथं उत्तर सर्वांत गोड असतं: लोकांनी त्यांना किती प्रेम दिलं! दिलं, यात शंका नाही. नवव्या मिनिटाच्या टाळ्या मी व्हिडिओवर पाहिल्या तेव्हा माझाही गळा दाटून आला. पण टाळ्या म्हणजे मोबदला नव्हे. बापाला गिळता येत नाही म्हणून मुलगी रात्रभर उशाशी बसते, तेव्हा टाळ्या तिथं नसतात. प्रेमाच्या नावाखाली देणं बुडवायची युक्ती आपल्याकडंही जुनीच आहे.

दबावामुळं काही गोष्टी बदलल्या, त्याही नोंदवल्या पाहिजेत. २०२० साली प्राथमिक वयाच्या मुलांच्या सरावातून हेडिंग काढून टाकण्याचा निर्णय इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये झाला. २०२१-२२च्या मोसमापासून इंग्लंडमधल्या व्यावसायिक खेळाडूंना आठवड्याच्या सरावात जोराचे हेडर दहाच मारावेत, अशी सूचना आली. स्कॉटलंडनं सामन्याच्या आदल्या आणि दुसऱ्या दिवशी सरावात हेडिंग बंद केलं. २०२३ साली प्रीमियर लीग आणि युनियननं आजारी माजी खेळाडूंसाठी १० लाख पौंडांचा निधी काढला. जगातल्या सर्वांत श्रीमंत लीगसाठी ही रक्कम किती, हे ज्यानं त्यानं ठरवावं. काही कुटुंबं कोर्टात गेली आहेत. पण शेकडो पोरांच्या डोक्यावरचा मार आज थांबला आहे, तो दाखल्यावरच्या त्या दोन शब्दांमुळं. कारणाला नाव मिळालं, म्हणून त्याच्याशी भांडता आलं.

आमच्या दाखल्यांवर काय लिहितात?

आता घरी येतो.

मालेगावात शुक्रवारी माग बंद असतात. त्या दिवशी शहर केवढं शांत वाटतं, हे बाहेरून आलेल्या माणसालाच कळतं. आतल्याला ती शांतता ऐकूच येत नाही. लहानपणी आम्ही अब्बांची नक्कल करायचो. ते घरात ओरडून बोलायचे, टीव्ही मोठ्यानं लावायचे, अम्मी वैतागायची. आम्हाला वाटायचं, त्यांचा स्वभावच तसा. दिवसाचे बारा तास मागांच्या खटखटाटात उभा राहिलेला माणूस हळू बोलणार कसा, हे कळायला मला चाळिशी गाठावी लागली. त्यांच्या कपड्यांवर, पापण्यांवर सुताचा फुफाटा असायचा. तोच छातीत जात होता. कामाचे पैसे मीटरवर. जितकं कापड तितकी मजुरी, त्यामुळं खोकला आला तरी माग थांबवायचा नाही.

हे आजार कायद्याला माहीत नाहीत असं नाही. आपल्या देशात १९२३ सालापासून कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा होता. कामामुळं होणाऱ्या आजारांची यादी त्याला जोडलेली. त्या यादीत कापसाच्या धुळीनं होणारा फुप्फुसाचा आजार आहे आणि आवाजानं येणारा बहिरेपणाही आहे. म्हणजे अब्बांचे दोन्ही आजार छापील कागदावर आहेत. मग त्यांच्या दाखल्यावर का नाहीत?

कारण मध्ये कागदच नाहीत. मागवाल्याकडं नेमणुकीचं पत्र नाही, पगाराची चिठ्ठी नाही, हजेरीपट नाही. आज या शेठकडं, उद्या त्या शेठकडं. बरेच कारखाने इतके छोटे की, मोठ्या कारखान्यांचे नियम त्यांना लागू होत नाहीत. शेठही काही अंबानी नव्हे, त्याच्याही डोक्यावर सुताचं कर्ज असतं. दवाखान्यात गेलं तर डॉक्टर विचारतो, काय होतंय? कुठं काम करता, किती वर्षं करता, हे विचारत नाही. अब्बांना आम्ही तीन ठिकाणी दाखवलं. तिन्ही केसपेपर आजही आमच्या लोखंडी कपाटात आहेत. त्यांचं वय आहे, वजन आहे, रक्तदाब आहे. ‘माग’ हा शब्द एकावरही नाही.

यात मी आम्हालाही सोडत नाही. मुस्लिम मोहल्ल्यांतल्या आमच्या चर्चा रात्र रात्र चालतात. कोण काय बोललं, कुणी आमचा अपमान केला, कुठल्या नेत्यानं दगा दिला. तेही बोललं पाहिजे. पण ज्या माणसानं अख्खं घर, मशिदीची वर्गणी, पोरांची फी मागावर उभं राहून चालवली, त्याची छाती का गेली, यावर एक जलसा झालेला मला आठवत नाही. इंतकाल झाला की आपण म्हणतो, मुकद्दर. मौत बरहक आहे, हे मी मानतो. पण मौत बरहक आहे म्हणून धूळही बरहक होत नाही. धूळ माणसानं केलेली असते आणि माणसाला ती कमी करता येते. पंखा, मास्क, कानात घालायचे बोळे, वर्षातून एकदा छातीची तपासणी. यातलं काहीही अशक्य कोटीतलं नाही.

डॉन ॲसलकडं बापाचं नाव होतं, टीव्हीवरची चित्रफीत होती, टाळ्या वाजवणारं स्टेडियम होतं, जुनी युनियन होती. तरी तिला बारा वर्षं लागली. आमच्याकडं यातलं काही नाही, म्हणून सुरुवात लहान करावी लागेल. माझी विनंती साधी आहे. यापुढं घरातल्या, मोहल्ल्यातल्या कुणा मागवाल्याला, बिडीवाल्याला, गॅरेजवाल्याला दवाखान्यात नेलं, तर डॉक्टरांना सांगा: साहेब, हे इतकी वर्षं हे काम करत होते, एवढं कागदावर लिहा. त्यांनी टाळलं तर पुन्हा सांगा. एक ओळ आहे, तिला पैसे पडत नाहीत.

अब्बांच्या वेळी मला हे सुचलं नाही. त्यांचा सोबती, आमच्या शेजारचे एक चाचा, अजून मागावर जातात. मागच्या महिन्यात त्यांना खोकल्यासाठी घेऊन गेलो. डॉक्टर भले होते. मी म्हटलं तसं त्यांनी केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात लिहिलं, ‘यंत्रमाग कामगार, ४० वर्षे’. चाचांनी तो कागद डोळ्यांजवळ धरून वाचला आणि मला मोठ्यानं विचारलं, “ये क्यूं लिखवाया रे?”

त्यांना ऐकू जावं म्हणून मला ओरडूनच सांगावं लागलं.